आत सागवान आहे

हसणं तसं मोठं नव्हतं. नागपूरचा तो बेसवाला खदखदून हसला असता तर सत्यशीलानं ते सोडूनही दिलं असतं. पण तो नाकातल्या नाकात, बशीतला चहा जेमतेम हलेल एवढंच हसला, आणि लगेच चुकल्यासारखं तोंड करून म्हणाला, "सागवान? बाई, अमेरिकेत सागवान कुठून आलं?" चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर तिची बेस गिटार पालथी ठेवलेली होती. चार जाड तारांची, लांब मानेची, लाल रंगाची. जिचा आवाज कानाच्या आधी बरगडीला लागतो, अशी. पाठीवर कुणाच्या तरी पट्ट्याचं बक्कल वर्षानुवर्षं घासून रंग उडाला होता आणि रुपयाएवढं लाकूड उघडं पडलं होतं. सत्यशीलानं मोठ्या तोऱ्यात नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं, की बघा, अस्सल आहे, आत सागवान आहे. मग त्या माणसानं तिला नीट समजावून सांगितलं, आणि समजावताना तो एकदाही हसला नाही, हे जास्त वाईट. फेंडर कंपनीची जुनी अमेरिकन गिटार बहुतेक हलकी असते. आत फिक्कट, बदामी लाकूड, आपल्याकडे न होणारं. मान चार स्क्रूंनी बसवलेली; त्या स्क्रूंखालच्या पत्र्यावरचा नंबर ठोकून उमटवलेला, नखाला खोल लागणारा. मान उघडली की तिच्या टोकाला कारखान्याची तारीख. आणि मानेच्या डोक्यावरचं नाव, तो म्हणाला, नाव सगळ्यात शेवटी बघायचं, नाव तर कोणीही चिकटवतो.

ती गिटार खोळीत घालून बाहेर आली. खोळ मायनं जुन्या गोधडीची शिवली होती, त्यामुळे रस्त्यानं जाताना आपण एखादं झोपलेलं लेकरू खांद्यावर टाकून चाललो आहोत असं लोकांना वाटतं, हे तिला ठाऊक होतं. आज पहिल्यांदा ते लेकरू कुणाचं, असं कुणी विचारेल असं वाटलं. कोपऱ्यावरच्या भिंतीला त्यांच्या ऑर्केस्ट्राचं पोस्टर ओलं होतं. धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम, वार्डाच्या मैदानात, आणि ऑर्केस्ट्राचे मालक गुणवंतराव यांच्या नावाखाली, त्यांच्या नावाएवढ्याच अक्षरांत, 'अस्सल अमेरिकन बेस गिटार'. सत्यशीला रामटेके हे नाव नव्हतंच. गिटारीचं होतं. मजकूर ठरला तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं, की चला, आपलं नाही तर आपल्या वस्तूचं तरी. आता ती पोस्टरपुढे उभी राहून डिंकाचा वास घेत राहिली आणि तिला हसू यायला लागलं, त्याच नागपूरच्या हसण्यासारखं, नाकातल्या नाकात. कारण चूक एकट्या तिची नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर बल्लारशाच्या रेल्वे क्वार्टरात श्रीहरी नावाच्या फिटरकडून तिनं ती घेतली, तालमीला आणली, तेव्हा अख्ख्या ऑर्केस्ट्रानं ती तपासली होती. ढोलकीवाल्या चैतूनं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली. कोरसच्या गिरजाबाईंनी उडालेल्या रंगाला नाक लावलं. गुणवंतरावांनी दोन्ही हातांवर तोलली, जशी कोणी नवजात नात तोलावी, आणि म्हणाले, वजन हाय. सागवान, तेही पिकलेलं, तेलकट, आतल्या गाभ्याचं. मग संपलंच. आलापल्लीचं सागवान बोटींत भरून विलायतेला गेलं हे इथं शाळेची पायरी न चढलेलाही सांगतो. अमेरिकेला गेलं असेल यात नवल काय. एकालाही शंका आली नाही, कारण सगळे इथलेच. जगातली कुठलीही खरी वस्तू शेवटी आपल्या जंगलातल्या लाकडाचीच असणार, असं समजणाऱ्या मुलखात ती जन्मली होती, आणि त्या समजुतीचा तिला आता राग येत नव्हता, फक्त त्या समजुतीच्या मागे धावत जाऊन तिच्या अंगावर पांघरूण घालावंसं वाटत होतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या दुपारी ती ट्रंककॉलच्या बोर्डावर बसली. कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं, आणि दोन माणसांच्या मधली ती तारेची गुणगुण, जी बोलणाऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. बाकीच्या मुलींना त्या गुणगुणीनं डोकं दुखायचं. सत्यशीलाला ती आवडायची. शब्द येतात, जातात, कोळसा रवाना झाला, सासू गेली, पास झाला, आणि खाली हे एकसारखं चालू. बेस तिला आवडला तो याच कारणानं. कोरसमध्ये गायची ती आधी, तिसऱ्या रांगेत. एकदा नागपूरहून यायचा बेसवाला आला नाही आणि गुणवंतरावांची बेस गिटार कोपऱ्यात पडून राहिली. पुरुषांपैकी कुणाला ती नको होती, कारण तिच्यावर टाळी पडत नाही. हिनं उचलली. शिकवायला कोणी नव्हतं. रेडिओ लाकडी पलंगावर ठेवायचा, पलंगाच्या फळीला कान लावायचा, गाणं लाकडातून ऐकायचं. लाकडातून गाणारा येत नाही, व्हायोलिन येत नाही. खालचं तेवढं येतं. असं करून करून ती शिकली. पण गिटार गुणवंतरावांची होती. तालमीत एखाद्या चालीवरून शब्दाला शब्द लागला की ते हार्मोनियमवरचा हात न काढता शांतपणे म्हणायचे, गिटार ठेवा बाई. आणि ती ठेवायची. सदतीस वर्षांची, सरकारी नोकरीतली, स्वतःच्या कमाईवर मायला पोसणारी बाई, शाळेत पाटी हिसकावल्यासारखी रिकाम्या हातानं तिसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायची. स्वतःची गिटार घेतली ती एवढ्यासाठी. अमेरिकन पाहिजे म्हणून नव्हे. कुणी ठेव म्हटलं तर ठेवावी लागू नये म्हणून.

मायला, रुखमाला, हे सांगितलं तर ती काय म्हणेल ते तिला पाठ होतं. कमी ऐकू येणारी रुखमा प्रत्येक कार्यक्रमाला पुढं बसायची आणि घरी आल्यावर तक्रार करायची, "सगळ्यायचं वाजवनं आयकू येते, तुयंच आयकू येत नाई. तू बंद केलं का मंग समजते, का काईतरी होतं म्हून." आणि बाप असता तर? बाप लहानू, बल्लारशाच्या लाकूडडेपोत ओंडके लोळवायचा. त्याच्या अंगाला, धोतराला, पानाच्या चंचीला सागवानाचा तो जुन्या चामड्यासारखा, किंचित कडवट वास. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट वजनावर आणि वासावर पारखायची सवय होती, आणि त्या सवयीनं तो पक्का फसायचा. वडशाच्या बाजारात त्यानं एक घड्याळ घेतलं, विलायती म्हणून, कारण ते जड होतं. पुढचा बाजार भरायच्या आत ते बंद पडलं. डेपोतले लोक महिनाभर वेळ विचारत राहिले, लहानूभाऊ, किती वाजले गा. तो प्रत्येकाला मनगट उचलून, काट्यांकडे नीट बघून, सूर्याच्या अंदाजानं वेळ सांगायचा. रुखमा चिडली, काढून फेका म्हणाली. तेव्हा तो म्हणाला होता, "घड्याळ खोटी असन. मनगट तर माह्यंच हाय ना." मरेपर्यंत त्यानं ते काढलं नाही. सत्यशीलाला लहानपणी याची लाज वाटायची. नंतर ती लाज कुठल्या वळणावर गळून पडली, तिला सांगता आलं नसतं.

त्याच बापाच्या खांद्यावर बसून तिनं चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, धम्मदीक्षा पाहिली. पाहिली म्हणजे काय, सहा वर्षांची पोर, पांढऱ्या कपड्यांचा नुसता समुद्र. स्टेज कुठं, माणसं कुठं, काही दिसलं नाही, भोंग्यातला आवाज फाटून येत होता, तोही समजला नाही. पण लोक शपथा म्हणायला लागले तेव्हा बापाच्या खांद्याच्या हाडातून काहीतरी तिच्या मांड्यांत शिरलं. बाप म्हणत होता, बापाच्या बाजूचा म्हणत होता, सगळं मैदान म्हणत होतं, आणि ते तिला ऐकू येत नव्हतं, तिच्यात भरत होतं. पहिल्यांदा बेसची जाड तार वाजवली आणि गिटारीचं लाकूड पोटाशी थरथरलं तेव्हा तिला दुसरं काही नाही, बापाचा खांदा आठवला होता. त्यानंतर शाळेत, नोकरीत, भाड्याची खोली बघताना, लोक नाव ऐकून, गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट पाहून, गोड आवाजात विचारायचे, ते झालं हो, पण मूळचे कोण? जणू वरचा रंग खरवडला की खाली एक नंबर सापडेल. रुखमाला कुणी विचारलं की ती भाजीच्या टोपलीवरून मान वर न करता सांगायची, मूळचे मानूसच होतो बाप्पा, आता बौद्ध हावो. सत्यशीलाला असं पटकन बोलता यायचं नाही. ती तो राग पुढं तालमीत तारेवर काढायची. आज बोर्डावर बसल्याबसल्या तिला वाटलं, त्या नागपूरवाल्यानं तरी वेगळं काय केलं? आणि लगेच वाटलं, नाही. त्यानं जे आहे ते सांगितलं. खोटं चिकटवलं ते दुसऱ्यानं, आणि मी ते मिरवलं. राग येऊन येऊन शेवटी कुणावर ठेवायचा ते समजेना, म्हणून तिनं दुसऱ्या दिवशीची सुट्टी टाकली.

बल्लारशाला श्रीहरी दारातच भेटला. डोळ्यांत गोधडीची खोळ भरली आणि त्यानं मान खाली घातली, तिथंच निम्मं काम झालं. तेलुगू वळणाचं मराठी बोलणारा, निवृत्तीला आलेला, बोटं सांध्यांतून वाकडी झालेली. तिनं सरळ पेचकस मागितला. खाटेवर गिटार पालथी घातली, पत्र्यावरच्या नंबरावरून नख फिरवलं. नख सरकत गेलं, कुठं अडकलं नाही. तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले. मान सुटून हातात आली. टोकावर तारीख नव्हती, काही नव्हतं. पण मान निघाली तिथं जो खळगा उघडा पडला तो बिनरंगाचा होता, आणि त्यातून, इतकी वर्षं झाकून ठेवल्यासारखा, तो वास वर आला. चामडं, तेल, किंचित कडू. सत्यशीला वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली. फसवलं गेल्याचा जो दगड ती चंद्रपूरहून छातीत घेऊन आली होती तो होता तिथंच होता, आणि त्याच्या शेजारी बाप उकिडवा बसला होता, घड्याळाला चावी देत. एकाच वेळी माणसाला इतकं वाईट आणि इतकं बरं वाटू शकतं याची तिला लाज वाटली नाही, हे तिला नवीन होतं.

मग श्रीहरी बोलायला लागला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बँडमध्ये होता तो. हैदराबादचा एक पाहुणा वादक एकदा खरी अमेरिकन घेऊन आला, एका दिवसापुरती. रात्री तो जेवायला गेला तेवढ्यात यानं ती वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलनं गिरवून घेतली. तो कागद घेऊन आलापल्लीला गेला. तिथं आरागिरणीत पोचू नावाचा माणूस होता, गोंड, दारं-चौकटी करणारा. त्यानं गिटार जन्मात पाहिली नव्हती. त्यानं कागद पाहिला, मग श्रीहरीला सदरा काढायला लावला, बरगड्यांवरून हात फिरवला आणि पाठीमागचं लाकूड तेवढं खोलगट काढलं, वाजवताना अंगाला टोचू नये म्हणून. मान कलकत्त्याहून आली, तारा-पुर्जे मुंबईहून, स्टिकर हैदराबादहून. "पंधरा साल मीच वाजवलं अम्मा," तो म्हणाला. "खोटं फक्त नावाचं होतं. इथं केली म्हटलं असतं तर तुम्ही हात लावला असता का?" उत्तर ‘नाही’ असं होतं, हे तिला ठाऊक होतं. तो आत गेला, पैसे आणतो, परत घेतो म्हणाला. तिनं मागून हाक मारली, पैसे राहू द्या, दाढीचं ब्लेड आणा. मान गुडघ्यांत धरून तिनं डोक्यावरचं ते सोनेरी, ऐटबाज वळणाचं नाव खरवडायला घेतलं. स्टिकर चिवट होता, तुकड्यातुकड्यानं निघाला. श्रीहरी खाटेच्या पायाशी बसून बघत होता, दाताच्या डॉक्टरकडे दुसऱ्याचा दात काढताना बघावं तसा. शेवटी नुसतं लाकूड राहिलं, थोडं ओरबाडलेलं. त्यावर आता काय लिहिणार, त्यानं विचारलं. "काहीच नाही," ती म्हणाली.

तालमीत गुणवंतरावांनी गिटारीचं ते बोडकं डोकं पाहिलं आणि हार्मोनियमचा भाता मिटला. तिनं सगळं सांगितलं, जसं होतं तसं. ते ऐकत होते ते सभ्यपणानंच. माणूस वाईट नव्हता, वार्डात दिवे गेले तर स्वखर्चानं जनरेटर आणणारा, फक्त वस्तू आपल्या आणि माणसंही आपली, असं समजणारा.

"पोस्टर छापून झाले बाई. पब्लिकले कायचं समजते, सागवान का काय."

"मले समजते ना."

"तर मंग माह्यी गिटार घ्या अन् उभ्या राहा."

"तुमची घेतली का मंग ठेवा म्हटलं का ठेवा लागते."

चैतू ढोलकीची दोरी उगाच ताणत बसला. गुणवंतराव म्हणाले, मग मी नागपूरचा माणूस बोलावतो, आमच्या स्टेजवर नकली चालत नाही. आणि त्यांनी खरंच माणसं धाडली, फोनही केले. ते फोन लावून देणारी बोर्डावर सत्यशीलाच होती. तिनं प्रत्येक नंबर इमानानं जोडला आणि खालची गुणगुण ऐकत बसली. पण दीक्षेच्या त्या दिवसांत नागपूरपासून गोंदियापर्यंत एकही बेसवाला रिकामा नसतो. आदल्या दिवशी निरोप आला, या. सोबत एक अट आली. वाजवा, पण तोंड बंद ठेवा. तिनं निरोप आणणाऱ्या चैतूला सांगितलं, तोंड बंदच ठेवीन म्हणावं, मी कुठं गाते. पण अमेरिकन म्हणायचं नाही, हेही सांग. चैतूनं सांगितलं असेल, नसेल. गुणवंतरावांनी बघू म्हटलं असेल.

संध्याकाळी मैदान भरलं. वीजकेंद्राची धुराडी पलीकडे धूर सोडत होती आणि अलीकडे स्टेजवरचे बल्ब जावं की राहावं अशा बेतानं जळत होते. पहिल्याच रांगेत रुखमा, पांढऱ्या लुगड्यात, तळहात सतरंजीवर टेकून. सत्यशीलानं पट्टा खांद्यावर घेतला. पोचूनं श्रीहरीच्या बरगड्यांसाठी काढलेला खोलगटपणा तिच्या बरगड्यांनाही बसला. पहिली तीन गाणी छान गेली. चौथं गुणवंतरावांनी स्वतः बांधलेलं, लोक ज्याची वाट बघतात ते. त्याच्या मध्यात धून फिरती ठेवून ते एकेका वादकाची ओळख करून द्यायचे. ढोलकीवर चैतू, चैतूनं तुकडा वाजवला, टाळ्या. कोरसमध्ये गिरजाबाई; टाळ्या. मग ते तिच्याकडे वळले, हसले, आणि कित्येक दिवस पोस्टरवर वाचून वाचून जिभेला बसलेलं ते त्यांच्या तोंडून आलंच. "आणि बेसवर आपल्या वार्डाची लेक सत्यशीला, हातात अमेरिकेहून आलेली अस्सल—"

तिनं डावा तळहात चारही तारांवर आडवा ठेवला.

आवाज काही झाला नाही. हार्मोनियम चालू होता, ढोलकी चालू होती, कोरस चालू होता. पण सगळं एकाएकी जमिनीवरून वीतभर वर उचललं गेलं आणि तिथंच लटकत राहिलं, पोकळ, खालून वारा जातोय असं. चैतूचा ठेका किंचित घसरला. गिरजाबाईंनी गाता गाता मागं वळून पाहिलं. मैदानात कुणाला काय झालं ते समजलं नाही, पण बोलणारे बोलायचे थांबले. पहिल्या रांगेत रुखमानं सतरंजीवरचा हात उचलून तळव्याकडे पाहिलं आणि मग वर, लेकीकडे. गुणवंतरावांनी धून आणखी एक फेरा फिरवली. डोळ्यांनी दटावलं. सत्यशीला त्यांच्याकडे बघत उभी होती, तोंड बंद, ठरल्याप्रमाणे. तिच्या हाताखाली तारा गार होत्या आणि तिला भीती वाटत होती की उद्यापासून ही जागा नाही, मैदान नाही, काही नाही. आणि त्या भीतीसकट तिचा हात होता तिथंच होता. आणखी एक फेरा. सूर आता उघडा पडला होता, जेवण झाल्यावरच्या पंगतीसारखा. गुणवंतरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांची नजर तिच्या डोळ्यांवरून सरकून गिटारीच्या त्या ओरबाडलेल्या, कोऱ्या डोक्यावर गेली, आणि तिथं जरा थांबली.

"चुकलो," ते माइकात म्हणाले, हार्मोनियम न थांबवता. "अमेरिकेची नाई. आलापल्लीचं सागवान हाय. आपल्या इथंच केलेली हाय."

मागून, जिथं आलापल्ली-भामरागडकडून ट्रकनं आलेली माणसं बसली होती, तिथून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, अगदी बाजारात विचारावं तसा. "कोनं केली गा?"

गुणवंतरावांनी सत्यशीलाकडे पाहिलं. करणाऱ्याचं नाव त्यांनी तालमीत ऐकलं होतं, पण ते विसरले होते. त्यांनी माइक तिच्याकडे वळवला. ती वाकली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्टेजवरून एकटीच्या आवाजात बोलली.

"पोचूनं."

आणि तारांवरचा हात उचलून तिनं अंगठा सगळ्यात जाड तारेवर टाकला. पुढच्या रांगेत रुखमाचा तळहात सतरंजीवर परत टेकला.